जुना मोका पॉट गॅसवर ठेवण्यापूर्वी

अष्टकोनी आकाराचं, काळ्या दांड्याचं ॲल्युमिनियमचं कॉफीचं भांडं म्हणजे मोका पॉट. इटलीतल्या क्रुसिनाल्लो गावच्या अल्फोन्सो बियालेत्ती यांनी ते १९३३ मध्ये आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा मुलगा रेनातो याने ते जगभर पोहोचवलं. २०१६ मध्ये रेनातो वारले, तेव्हा त्यांची रक्षासुद्धा मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवली गेली! असे जुने पॉट हौसेने जमवणारे बरेच आहेत. काचेच्या कपाटात ते निर्धोक असतात. प्रश्न येतो तो, ‘यात एकदा कॉफी करून बघू’ असं वाटलं की.

हे भांडं आपल्या प्रेशर कुकरचं लांबचं भावंड आहे. खाली पाणी, मध्ये चाळणीत कॉफी पावडर, वर रिकामं भांडं. खाली कोंडलेली हवा आणि वाफ गरम पाण्याला पावडरीतून वर ढकलते. ही वाट तुंबली, तर दाब बाहेर पडावा म्हणून खालच्या भांड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पॉटमध्ये तो क्षार साचून घट्ट बसलेला असू शकतो. त्यात अगदी बारीक पावडर ठासून भरली, की भांडं उसळून उकळतं पाणी चेहऱ्यावर आणि छातीवर येण्याचा धोका असतो.

म्हणून आधी व्हॉल्व्ह तपासा. तो गंजलेला किंवा जाम असेल, तर भांडं शोभेलाच ठेवा. कडक झालेली रबरी रिंग बदला. आटे झिजलेले किंवा भांड्याला तडा असेल, तर मोह टाळा. पाणी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा, पावडर दाबू नका आणि आच मंद ठेवा.

‘ॲल्युमिनियमने स्मृतिभ्रंश होतो का?’ हा नेहमीचा प्रश्न. तसा संबंध सिद्ध झालेला नाही. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात जातो आणि निरोगी मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या शरीरात मात्र तो साठतो. त्यांनी स्टीलचं भांडं वापरावं. पॉट आतून खड्डे पडलेला असेल, तर तो कुणीच वापरू नये. डिशवॉशरमध्ये ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जातो, म्हणून हातानेच धुवा.

तांब्याच्या जुन्या कॉफीपात्रांबाबत अधिक सावध राहा. कल्हई उडालेली असेल तर आंबटसर, गरम कॉफीत तांबं उतरतं. जुन्या डाखात शिसंही असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

आणि कधी भाजलंच, तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. अंगठी, बांगड्या लगेच काढा आणि भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट रुग्णालय गाठा.