दोन शहरे, दोन घड्याळे

ही गोष्ट आमच्या घरचीच आहे. आमची धाकटी बहीण लंडनला मुलाकडे गेली होती. तेथून ती लेकीला भेटायला पॅरिसला निघाली. एकटीच. लेकीने सांगून ठेवले होते, "आई, मी एक वाजता दाराबाहेर उभी राहते."

बहीण विमानातून उतरली. सामान घेतले. मनगटावरच्या घड्याळात बारा वाजले होते. तिला वाटले, अजून तासभर आहे. ती आतच बाकावर बसून राहिली. बाहेर लेक वाट पाहून रडकुंडीला आली. आईचा फोनही लागेना. आई हरवली की काय?

चूक कोणाचीच नव्हती. चूक घड्याळाची होती. ते लंडनचे होते!

आता हे नीट समजून घेऊ.

लंडन ही इंग्लंडची राजधानी. पॅरिस ही फ्रान्सची. मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी आहे. सरळ रेघेत मोजले तर अंतर सुमारे ३४४ किलोमीटर भरते. विमान तासाला ८०० किलोमीटर जाते असे धरले, तर २६ मिनिटे पुरावीत. पण विमानाला वर चढावे लागते, खाली उतरावे लागते. तेव्हा वेग कमी असतो. शिवाय जमिनीवर हळूहळू चालावे लागते, कधी रांगेत थांबावे लागते. म्हणून तिकिटावर सुमारे एक तास वीस मिनिटे धरलेली असतात. १९१९ साली २५ ऑगस्टला या दोन शहरांमध्ये रोजचे विमान सुरू झाले. तेव्हा अडीच तास लागले होते.

आता तिकीट वाचा. लंडनहून सुटणार १० वाजता. पॅरिसला पोचणार १२ वाजून २० मिनिटांनी. परतीचे विमान पॅरिसहून ४ वाजता सुटणार, लंडनला ४ वाजून २० मिनिटांनी पोचणार. जाताना दोन तास वीस मिनिटे, आणि येताना नुसती वीस मिनिटे? असे कसे?

कारण पॅरिसचे घड्याळ लंडनच्या पुढे एक तास असते. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर फरक जेमतेम नऊ-दहा मिनिटांचा आहे. पण १९४० साली जर्मनीने पॅरिस जिंकले आणि तेथे आपली वेळ लावली. लढाई संपली, जर्मन गेले, पण ती वेळ तशीच राहिली.

तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाने छापतात. म्हणून जाताना हिशेबातून एक तास वजा करा. येताना एक तास मिळवा. दोन्हीकडून उत्तर एकच येते, एक तास वीस मिनिटे. समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडीही जाते. हा बोगदा १९९४ साली खुला झाला. तिच्या तिकिटालाही हाच नियम.

बहिणीच्या घड्याळात एक वाजला, तेव्हा पॅरिसमध्ये दोन वाजले होते. ती बाहेर आली. लेकीने गळ्यात मिठी मारली आणि आधी आईचे घड्याळ एक तास पुढे केले.

आपले कोणी परदेशी निघाले, तर त्यांना एवढे जरूर सांगा : उतरल्याबरोबर भिंतीवरचे घड्याळ पाहावे, आणि आपले त्याच्याशी जुळवून घ्यावे.