मोटारसायकलीवर मोबाईलची बैठक : घरच्या सामानात



ऊसनोंद आता वहीत आणि पावलांच्या अंदाजाने होत नाही. लागण झाली की आमचा गटातील कर्मचारी मोबाईल घेऊन आपल्या प्लॉटच्या बांधाने फिरतो, जीपीएसवर कोपरे घेतो आणि क्षेत्र तिथल्या तिथे निघते. लागणीची तारीख आणि हे क्षेत्र यांवर तोडणीचा प्रोग्राम लागतो. पुढे टोळीचा मुकादम व ट्रॅक्टरवाला, जे बहुधा परजिल्ह्यातले, तेही त्याच खुणेवर आपल्या फडापर्यंत येतात. थोडक्यात, मोबाईल हे आता टेपासारखेच शेतीचे अवजार झाले आहे.

पण हे अवजार गाडीवर ठेवायचे कुठे? एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि गाडी पाणंदीतून चाललेली, हे आम्ही रोज पाहतो. पावसाळ्यानंतर पाणंद कशी असते ते आपणांस सांगायला नको. गेल्या गळिताला असाच एक स्लिपबॉय बैलगाडीच्या चाकोरीत गाडीसह आडवा झाला. मोबाईल वाचला, मनगट मोडले. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीप्रमाणे गाडी चालवताना असे साधन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येते, आणि तेही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे बोलणे नाही, व्हिडिओ तर नाहीच नाही.

बाजारात तयार होल्डर मिळतात. पण स्वस्तातले होल्डर कच्च्या रस्त्यावर फार टिकत नाहीत, प्लॅस्टिकचा चिमटा ढिला होतो. आम्ही गट ऑफिसच्या गाड्यांना जे बसवले आहे ते बहुतेक आपल्या वस्तीवरच्या भंगारातून होते.

लागणारे सामान असे : ४ इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी वीतभर, मोटारसायकलची जुनी ट्यूब, ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरलचा हातभर तुकडा आणि दोन नटबोल्ट, चेकनट व स्प्रिंग वॉशरसह.

पाइप लांबीत एका बाजूने चिरावा आणि उकळत्या पाण्यात धरून मऊ करावा. मऊ झाला की दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट होतो. जाळावर धरू नये; पीव्हीसी जळाले की निघणारा धूर छातीला वाईट. सपाट तुकड्यातून मोबाईलपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठी पाटी कापावी. खालची कड पुन्हा गरम करून वर वळवावी, म्हणजे मोबाईल घसरत नाही. लॅटरल उभा चिरून पाटीच्या कडांवर चढवला की धारही जाते आणि मोबाईलला ओरखडा पडत नाही. पकडीसाठी ट्यूबच्या आडव्या रिंगा कापाव्यात, दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या. दोन रिंगा फुलीसारख्या चार कोपऱ्यांवरून ताणल्या की काम झाले. मात्र रिंग आवाजाच्या बटणावर येऊ देऊ नका. रिंगा उन्हाने चिरतात, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात. ट्यूबला काही तोटा नाही.

पट्टीला एका टोकाला आरशाच्या दांडीच्या मापाचे भोक पाडून ती आरशाच्या चेकनटाखाली घालावी. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. जोर लावण्यापूर्वी बघून घ्या, नाहीतर आटे जातात. त्यापेक्षा डावा आरसाच बरा; उजवा हात ॲक्सिलेटर आणि ब्रेकला मोकळा राहतो. पट्टी आपल्याकडे थोडी कलती वाकवावी. पट्टी आणि पाटी यांच्यामध्ये ट्यूबचे चार-पाच थर घालावेत. हे थर चुकवू नका. एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे हँडलमधून थेट मोबाईलमध्ये जातात आणि कॅमेऱ्याची आतली नाजूक यंत्रणा बिघडू शकते. ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या ग्राहकांना याच कारणाने सावध केले होते. शक्य तर घरातला जुना मोबाईल यासाठी ठेवावा. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटे लागतात.

बसवून झाल्यावर गाडी उभी ठेवूनच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. पाटी टाकीला, क्लचच्या लिव्हरला किंवा केबलला अडता कामा नये. मीटर आणि दिवे झाकू नयेत. पावसात वरून पारदर्शक पिशवी चालते, पण उन्हाळ्यात तीच पिशवी काढावी. मोबाईल तापून बंद पडतो. पत्र्याचे झाकण तर करूच नका, धातूच्या आड उपग्रहाचा संदेश येत नाही.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि जागा नक्की व्हायला एका वेळी निदान चार दिसावे लागतात. अमेरिकी सैन्यासाठी उभारलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण कार्यान्वित झाली. सामान्य लोकांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जाई, तो प्रकार मे २००० मध्ये बंद झाला. तोवर चूक १०० मीटरपर्यंत जाई, म्हणजे आपला ऊस भावकीच्या रानात नोंदला गेला असता! आता मोकळ्या आकाशाखाली मोबाईल साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. झाडाखाली किंवा डोक्यावर गेलेल्या उसात यापेक्षा जास्त चुकतो. म्हणून मोजणी ऊस लहान असतानाच व्हावी असा आमचा आग्रह असतो.

आणि एक. बैठक चांगली झाली म्हणून काही जण गाडीवर बसूनच प्लॉटला फेरी मारतात. असे करू नये. गाडी जाईल तिथून वाट काढता काढता कोपरे कापले जातात. एक एकराचा चौकोनी प्लॉट घ्या, बाजू साधारण ६४ मीटर. चारी बाजूंनी ३ मीटर आत फिरलात तर मोबाईल जवळपास ३३ गुंठेच दाखवील. सात गुंठ्यांचा ऊस नोंदीत येतच नाही. मग टनेजचा अंदाज कमी, स्लिपा कमी, आणि तोडणीच्या वेळी फडात उरलेल्या उसावरून चिटबॉयशी वाद. गाडी बांधापर्यंत न्या, रिंगा सोडून मोबाईल हातात घ्या आणि बांधाच्या कडेने पायी चाला. कोपऱ्यावर थोडे थांबून मगच खूण घ्या. शक्य तर शेजारच्या सभासदाला बरोबर घ्यावे. सामाईक बांध कोणाकडे धरायचा हे तिथेच मिटते. आमचा माणूस येईल तेव्हा आपणही सोबत फिरा, आणि आकडा सातबाऱ्यावरील क्षेत्राशी जुळतो का ते त्याच्यासमोरच पाहा. जुळत नसेल तर त्याच दिवशी फेरमोजणी मागा.

तयार बैठकीचा एक नमुना प्रत्येक गट ऑफिसात टेबलावर ठेवला आहे. माप घेण्यासाठी तो हाताळायला हरकत नाही, फक्त घरी नेऊ नये. पट्टीला भोक पाडून हवे असल्यास सोमवारी आणि गुरुवारी दुपारी कारखान्याच्या वर्कशॉपात यावे. येताना आरशाची दांडी किंवा तिचे माप बरोबर आणावे.