परसातील लाकडी मांडव : नाशिकच्या उन्हात आणि काळ्या मातीत

घराच्या भिंतीचा आधार न घेता चार खांबांवर उभा राहणारा लाकडी मांडव नाशिकमध्ये बांधताना पहिला विचार जमिनीचा करावा लागतो, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरचे खांब त्यामुळे कलतात. म्हणून खड्डा मुरमापर्यंत नेऊन काँक्रीट भरावे आणि खांब मातीत न पुरता लोखंडी बैठकीवर, जमिनीपासून थोडा वर ठेवावा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण गाभ्याभोवतीच्या फिकट थराला, म्हणजे रसकाष्ठाला, ती लागते. भिंतीचा आधार नसल्याने खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू अनिवार्य ठरतात.

नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मांडवाच्या छतावरील उभ्या पट्ट्यांची सावली तेव्हा नाममात्र पडते. मात्र त्या दक्षिणोत्तर बसवून दोन पट्ट्यांमधील अंतर पट्टीच्या उंचीइतके राखल्यास, पश्चिमेचा सूर्य 45 अंशांपर्यंत उतरताच ऊन पुरते अडते.

मांडवावर द्राक्षवेल चढवण्याचा मोह या जिल्ह्यात स्वाभाविक आहे, परंतु द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठी केली जाणारी छाटणी, साधारण एप्रिलमध्ये होत असल्याने ऐन उन्हाळ्यात वेल बोडका असतो. केवळ सावली हवी असल्यास मधुमालतीच लावावी.