पूर्ण टाकीची उपासमार

‘गाडी उचलत नाही’ ही मोटारसायकलीविषयीची सर्वांत जुनी आणि सर्वांत निरुपयोगी फिर्याद होय. कारण पेट्रोल कमी पडले तरी फिर्यादी हेच सांगतो, जास्त झाले तरी हेच सांगतो, आणि ठिणगी दुबळी झाली, सायलेन्सर काजळीने तुंबला, क्लचच्या प्लेटा सरकू लागल्या किंवा मागचा ब्रेक नुसता घासत राहिला, तरी त्याच्या मुखातून याहून निराळे शब्द निघत नाहीत. खुलताबादेत, गावाच्या जुन्या कोटाबाहेर म्हैसमाळच्या वाटेला लागताना ज्यांचे पत्र्याचे गॅरेज आहे आणि ज्यांना लहानथोर सारे ‘चाचा’ म्हणतात, त्या वयोवृद्ध मिस्त्र्यांसमोर मातीच्या ट्रॅकवर धावणारी एक यामाहा आरएक्स १०० पिकअपमधून उतरवली गेली, तेव्हा तिच्याबरोबरही हीच फिर्याद आली होती. सोबत मुद्देमालही होता: नुकताच बदललेला प्लग, बदललेली कॉइल, आणि बोअर करून बसवलेल्या नव्या पिस्टनची पावती.

आरएक्स १०० ही गाडी १९८५ साली भारतात आली. त्याच वर्षी खाली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि या जिल्ह्यातील दोन पिढ्यांची यंत्राशी ओळख या दोन घटनांच्या छायेत झाली, असे म्हटल्यास कोणी हरकत घेईलसे वाटत नाही. अवघे ९८ सीसीचे टू-स्ट्रोक एंजिन आणि कागदावर ११ अश्वशक्ती, एवढ्या भांडवलावर या गाडीने जो लौकिक मिळवला, तो १९९६ साली तिचे उत्पादन थांबल्यावरही ओसरला नाही. हलकी, सुट्या भागांना अनुकूल आणि फेरफार निमूटपणे सोसणारी असल्यामुळे मातीच्या शर्यतींत ती आजही नव्या गाड्यांच्या रांगेत उभी दिसते.

चाचांनी पाना हाती घेतला नाही. गाडी आणणारा तरुण, जो स्वतःच तिचा स्वारही होता, त्याला त्यांनी स्टुलावर बसवले आणि त्याचा जबाब सुरू केला. काय होते, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. केव्हा होते, एवढेच ते फिरून फिरून विचारीत राहिले. वळणावर की सरळीत? मूठ अर्धी असताना की पुरी? गाडी गार असताना की तापल्यावर? टाकी भरल्यावर की संपत आल्यावर? तरुणाने प्रथम कंटाळून, मग विचार करून उत्तरे दिली. लांब सरळीत मूठ पुरी पिळली की काही क्षण गाडी वाऱ्यासारखी जाते आणि मग जीव सोडते. मूठ मिटून वळण घेतले की पुन्हा सावरते. दुपारच्या फेऱ्यांत त्रास कमी, सकाळच्या गारव्यात अधिक. आणि शेवटी, स्वतःलाच नवल वाटल्याप्रमाणे तो म्हणाला, “चाचा, टाकी फुल्ल केली की लवकर बसते. कमी पेट्रोलवर बरी पळते.”

वास्तविक तपास येथेच निम्मा झाला होता. परंतु तोंडी जबाबावर निकाल देणाऱ्यांपैकी चाचा नव्हते. त्यांनी मागचे चाक हाताने फिरवून ब्रेक मोकळा असल्याची खात्री केली, चेनचा ताण पाहिला, एअर फिल्टरचा स्पंज काढून त्यात मुरमाची धूळ बसलेली नाही ना हे डोळ्यांखालून घातले, आणि मग गाडी रस्त्यापलीकडच्या, मालकाच्या परवानगीने वापरल्या जाणाऱ्या एका चढाच्या पडीत रानात नेण्यास सांगितले. दौलताबादकडे उतरणारा घाट हाकेच्या अंतरावर असताना हे रान कशाला, असे माझ्या मनात आले होते. तथापि त्या घाटात भद्रा मारुतीला पायी येणारे भाविक आणि वेरूळकडे जाणाऱ्या बसगाड्या यांच्यामधून नंबरप्लेट नसलेली गाडी पळवणे चाचांच्या नीतीत बसत नव्हते, आणि एंजिनावर भार पडण्यासाठी लागणारा चढ या रानातही पुरेसा होता.

तेथे दोन परीक्षा झाल्या. पहिलीत, गाडी जीव सोडू लागताच स्वाराने मूठ तशीच ठेवून चोक ओढायचा होता. चोक ओढला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. त्यामुळे गाडी आणखी दबली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, आणि क्षणभर उसळली तर ते कमी पडते आहे, इतका हा निवाडा सरळ आहे. गाडी उसळली. दुसरीत, ऐन उतरत्या जोराच्या क्षणी स्विच बंद करून, क्लच दाबून ती थांबवली आणि तेथल्या तेथे प्लग खोलला. त्याचे चिनी मातीचे टोक पांढरेफटक होते. पूर्वी हाच रंग पाहून जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचा, आकार सांगणारे मिस्त्री होते. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाल्यापासून रंग फिके पडले आणि ही विद्या पूर्वीइतकी निःसंदिग्ध राहिली नाही. तरीही पांढरा तो पांढराच. उतावळ्या माणसाने येथे मोठा जेट बसवला असता. पण जेट मोठा केला म्हणजे मागणी वाढते. पुरवठाच तुटत असेल तर वाटी अधिकच लवकर रिकामी होणार.

ती वाटी, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाचे फ्लोटचे भांडे, या तपासाचे मर्मस्थान आहे. तिच्यात जेमतेम वीस-पंचवीस मिलिलिटर पेट्रोल मावते, आणि पुऱ्या मुठीवर असे तयार केलेले एंजिन मिनिटाला ढोबळमानाने १०० ते १२५ मिलिलिटर पिते. म्हणजे वरून येणारी धार पूर्ण तुटली तर दहा-बारा सेकंदांतच खेळ आटोपतो. धार मात्र कोणत्याही पंपाने येत नाही, केवळ उंचीने येते. याच खुलताबादेत ज्याची कबर आहे त्या मलिक अंबरने १७व्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याच्या मुख्य शहराला पाणी आणणारी जी नहर बांधली, तिचे पाणीही असेच केवळ उताराने वाहत असे, आणि नळांतील हवेला वाट देण्यासाठी तिच्यावर जागोजाग स्तंभ उभारावे लागले होते. पेट्रोलच्या टाकीची अडचण उलट्या दिशेची: पेट्रोल खाली उतरले की तेवढी हवा बाहेरून आत यावी लागते. ती न आल्यास आत निर्वात निर्माण होतो, आणि हातभर नव्हे, वीतभर उंचीच्या पेट्रोलचा दाब इतका अल्प असतो की आतला दाब दीड-दोन टक्क्यांनी घटला तरी धार थांबू लागते. रिकाम्या टाकीत हवेचा साठा मोठा, म्हणून हा क्षण उशिरा येतो. भरलेल्या टाकीत हवा मूठभर, म्हणून तो लगेच येतो. दुपारी पेट्रोल तापत असले की त्याची वाफ आतला दाब सावरते आणि दोष झाकला जातो. तरुणाने सांगितलेली एकही गोष्ट वावगी नव्हती. तिचा उलगडा करणारा तोवर भेटला नव्हता, इतकेच.

गॅरेजात परतल्यावर चाचांनी टाकीची नळी कार्बोरेटरपासून सोडवून ती सलाइनच्या, खुणा असलेल्या बाटलीत धरली आणि कॉक उघडला. झाकण बंद असताना धार प्रथम जोमदार, मग बारीक, मग थेंबथेंब झाली. झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि धार पूर्ववत वाहू लागली. झाकणाला शर्यतीसाठी एक रबरी नळी जोडलेली होती आणि नळीच्या टोकाला, गाडी पडल्यास पेट्रोल सांडू नये म्हणून, एकाच दिशेने हवा सोडणारा बोटाएवढा व्हॉल्व्ह होता. चाचांनी तो ओठांना लावून दोन्हीकडून फुंकला. आतली हवा तो बाहेर सोडीत होता; बाहेरची आत येऊ देत नव्हता. कोणीतरी तो उलटा बसवला होता.

व्हॉल्व्ह फिरवला, एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण पुन्हा रानात नेल्यावर गाडीने दम टिकवला तरी प्लगवर रंग हवा तसा उतरेना, आणि मग चाचा जेटकडे वळले. समुद्रसपाटीपासून ८५० मीटरच्या आसपास असलेल्या या पठारावर हवा किनाऱ्याच्या मानाने आठेक टक्के विरळ असते, त्यामुळे मिश्रण आपोआप थोडे दाट व्हायला हवे. पण आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते तेथे इथेनॉलला केवळ ९ पट पुरते, म्हणून तेवढ्याच हवेसाठी हे इंधन सात-आठ टक्के जास्त सोडावे लागते. उंचीने दिलेले इथेनॉल वसूल करते आणि वर काही बाकी ठेवते. त्यात तरुणाने पिस्टन जाम होण्याच्या धास्तीने पेट्रोलमध्ये तेल वाढवले होते. तेल वाढले म्हणजे जेटमधून जाणाऱ्या थेंबात पेट्रोल घटले, मिश्रण अधिकच पातळ झाले आणि पिस्टनला असलेला धोका वाढला; सावधगिरीने संकट ओढवून घेण्याचा हा प्रकार गॅरेजांत इतका रूढ आहे की चाचा त्यावर रागावलेही नाहीत. तेल पूर्वीच्या मापावर आणले गेले, जेट एक पायरी मोठा बसला, आणि पुढच्या फेरीत प्लगचे टोक फिकट तपकिरी निघाले. जुन्या बोअरची मापे पाहून त्यांनी एवढेच म्हटले की तो पिस्टन अजून एक हंगाम सहज चालला असता. तरुणाने पावतीची घडी करून खिशात घातली.

सायंकाळच्या शेवटच्या चढणीत गाडी सरळ वरच्या बांधापर्यंत गेली, परंतु तिचा आवाज चढत गेला आणि वेग मात्र तेवढ्या प्रमाणात वाढला नाही. स्वाराच्या लक्षात ते आले नसावे; तो हसत खाली आला. चाचांनी क्लचच्या आवरणावर हात ठेवून पाहिला. पूर्वी एंजिनात जोरच उरत नसल्यामुळे झिजलेल्या प्लेटांनाही तो पेलत होता. आता त्या सरकत होत्या. कॉर्क प्लेटांचा संच आणि स्प्रिंगा घेऊन शुक्रवारनंतर ये, असे सांगून त्यांनी गाडी पिकअपवर चढवायला हात लावला.