एम.फिल. बंद झाल्यानंतर संशोधनाची पहिली पायरी

मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर आपल्याला संशोधन जमेल का, हे अजमावण्याची सोय पूर्वी एम.फिल.मध्ये होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम किमान एक व कमाल दोन वर्षांचा होता. संशोधनपद्धतीचा अभ्यास आणि अखेरीस लघुप्रबंध, असे त्याचे स्वरूप असे. विषय फसला तरी नुकसान मर्यादित राही. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी विषय फसल्याचे ध्यानात आले, तर मात्र उमेदीची वर्षे गेलेली असतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये हा टप्पा वगळण्याचे ठरवले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या नियमांनी तो बंद केला. त्यानंतरही काही विद्यापीठे अर्ज मागवत राहिल्याने डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला पुन्हा इशारा द्यावा लागला. त्याआधी मिळालेल्या पदव्या मात्र वैध आहेत.

तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एम.ए.चे दुसरे वर्ष पूर्णपणे संशोधनाला देता येईल, असे धोरणात म्हटले आहे. महाराष्ट्रातील आराखड्यात हे चित्र बरेच आक्रसले. दोन वर्षांच्या एकूण ८८ श्रेयांकांपैकी संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात चार व चौथ्या सत्रात सहा श्रेयांक आहेत. संशोधनपद्धतीचा विषय पहिल्याच सत्रात येतो. अनेक विद्यार्थी हा प्रकल्प परीक्षेच्या तोंडावर उरकतात. एम.फिल.ची जागा आता त्यालाच भरून काढायची आहे, हे लक्षात घेतले तर ही घाई परवडणारी नाही.

विषय लहान असावा. 'मराठी नियतकालिकांचा इतिहास' दोन सत्रांत होणार नाही. एका नियतकालिकाची पाच वर्षे होऊ शकतील. साधने कुठे आहेत, हे विषय ठरवण्याआधी पाहावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा पुराभिलेखागारात आठवडाभर बसले, की निम्मे विषय आपोआप गळतात. पेशवेकाळावर काम करायचे आणि मोडी वाचता येत नाही, अशी स्थिती असेल तर आधी मोडीचा वर्ग गाठावा.

पीएच.डी.साठी दोन वर्षांच्या एम.ए.त ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असल्यास ७५ टक्के आवश्यक आहेत. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. जून २०२४ पासून 'नेट'चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. मात्र त्या कामासाठी ते एकच वर्ष ग्राह्य असतात.

खरी अडचण मार्गदर्शकाची असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. त्यामुळे एम.ए.चा प्रकल्प ज्यांच्याकडे करायचा, त्यांच्याकडे पुढे जागा आहे का, ही चौकशी पहिल्याच वर्षी करून ठेवावी.