वेगाची उमेदवारी

पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी तिजोरीच्या किल्ल्या देत नाही. प्रथम मालाची ओळख, मग वजनमाप, मग उधारी-वसुली, मग रोजमेळ आणि शेवटी खरेदीचा अधिकार, अशी उमेदवारी वर्षानुवर्षे चालते. मोटार-शर्यतीचे क्षेत्र दुरून पाहणारास केवळ धाडसाचे व दैवाचे वाटते. परंतु तेथील उमेदवारी आपल्या पेढ्यांहून कडक आहे, आणि तिचा खर्च बहुधा उमेदवाराच्या घरातूनच होतो. आज आपल्या घरांतील मुले फॉर्म्युला वनच्या शर्यती आवडीने पाहतात, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला हेच करावयाचे आहे’ असा हट्ट धरते. त्यास काय उत्तर द्यावे, हे ठरविण्यापूर्वी ही वाट नीट पाहून घेणे इष्ट होय.

या वाटेचा आरंभ कार्ट नावाच्या छोट्या गाडीपासून होतो. तीस स्प्रिंगा नसतात, छप्पर नसते. रस्त्याचा प्रत्येक हिसका चालकाच्या अंगास थेट जाणवतो. सात-आठ वर्षांची मुले तिच्यावर वळण घेणे, ब्रेक दाबण्याची जागा ओळखणे व प्रतिस्पर्ध्यास ओलांडणे शिकतात. पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला फोर, त्यानंतर फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि अखेरीस फॉर्म्युला वन, असा हा जिना आहे. फॉर्म्युला टूमध्ये सर्वांच्या गाड्या एकाच कारखान्याच्या सांगाड्याच्या व एकाच बनावटीच्या इंजिनाच्या असतात. त्यामुळे ‘माझी गाडीच कमी पडली’ ही सबब फारशी चालत नाही.

केवळ पैसा ओतून वरची पायरी गाठता येऊ नये, अशीही व्यवस्था आहे. मॅक्स व्हर्स्टॅपेन हा २०१५ साली सतराव्या वर्षीच फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्या वेळी साधी मोटार रस्त्यावर चालविण्याचा परवानाही त्याच्याजवळ नव्हता. त्यानंतर २०१६ पासून नियम कडक झाले. सर्वोच्च परवान्यासाठी सर्वसाधारणपणे अठरा वर्षे वय आणि खालच्या स्पर्धांतून तीन हंगामांत मिळविलेले चाळीस गुण आवश्यक ठरले. एवढे करूनही जागा किती? २०२६ च्या हंगामात संघ अकरा, आणि चालक अवघे बावीस. साऱ्या जगासाठी बावीस! उलट फॉर्म्युला टूच्या चांगल्या संघातील एका हंगामाचा खर्च वीस लाख युरोंच्या घरात जातो, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात.

आपल्या देशातून ही वाट प्रथम पूर्ण चालून गेला तो कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन. त्याचे वडील स्वतः रॅलीतील नामांकित चालक होते. कोइमतूरच्याच एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन बसवून एकआसनी शर्यतगाड्या तयार केल्या होत्या; अशाच गाडीतून श्रीपेरुंबुदूरच्या धावपट्टीवर नारायणने आरंभ केला. १९९२ साली तो फ्रान्समधील शर्यत-शाळेत शिकला. १९९४ मध्ये ब्रिटनमधील फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका आणि १९९६ मध्ये फॉर्म्युला एशियाचे अजिंक्यपद त्याने मिळविले. जून २००१ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे त्याने जॅग्वारची गाडी चालविली. फॉर्म्युला वनची गाडी चालविणारा तो पहिला भारतीय होय. २००४ च्या हंगामासाठी मिनार्डी संघाने त्यास जागा देऊ केली होती. परंतु लागणारी रक्कम उभी राहिली नाही, आणि योग्यता असूनही दार मिटले. अखेर ६ मार्च २००५ रोजी मेलबर्न येथे जॉर्डन संघाकडून तो शर्यतीत उतरला आणि पंधरावा आला. त्याच वर्षी जूनमध्ये इंडियानापोलिस येथे त्यास चौथे स्थान व पाच गुण मिळाले. मात्र त्या दिवशी टायरांच्या धोक्यामुळे वीसपैकी चौदा गाड्यांनी माघार घेतली होती, हेही त्याच ओळीत लिहावयास हवे. जमेची बाजू मांडताना तिच्यापुढील शेरा झाकून ठेवणे हे हिशेबनिसास शोभत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईच्या पारशी उद्योजक घराण्यातील जेहान दारूवाला याचे. २०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभरातून तरुण चालक शोधले, त्यांत तो निवडला गेला. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत त्याने तिसरे स्थान मिळविले. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनमधील साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. २०२१ व २०२२ मध्ये इटलीतील मोंझा येथेही त्याने विजय मिळविले. रेड बुलच्या तरुण चालकांच्या चमूत त्याची गणना झाली, मॅक्लारेनची गाडी चालवून पाहण्याची संधीही मिळाली. तथापि फॉर्म्युला वनच्या शर्यतीतील जागा काही मिळाली नाही. पुढे तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत उतरला. घरचे पाठबळ होते, गुणवत्ता होती, परिश्रम होते. तरीही शेवटची पायरी राहिली. ज्या पालकास ही शक्यता पचविता येत नाही, त्याने पहिली पायरीही चढू नये.

आणखी एक बाब पैशाहून मोठी आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बेल्जियममधील स्पा येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान युबेर हा बावीस वर्षांचा फ्रेंच तरुण अपघातात मृत्यू पावला. चालकाच्या मस्तकाभोवती टायटॅनियमचे संरक्षक कडे २०१८ पासून बसविले जाऊ लागले, आणि त्याने कित्येकांचे प्राण वाचले. सुरक्षितता पुष्कळ वाढली आहे, परंतु धोका नाहीसा झालेला नाही. हा विचार आईवडिलांनी मिळून, मुलास समोर बसवून, स्पष्ट शब्दांत करावयास हवा.

मग या हट्टास नकारच द्यावा काय? आमच्या मते प्रश्न नकाराचा नाही, खात्याचा आहे. हा खर्च कोणत्या खात्यावर लिहावयाचा, हे प्रथम ठरवावे. ‘गुंतवणूक’ म्हणून लिहिला, तर बहुतेक घरांना तो बुडीत खात्यातच वर्ग करावा लागेल, आणि मुलाच्या माथी जन्मभर एका न फिटणाऱ्या कर्जाची जाणीव राहील. ‘शिक्षण’ म्हणून लिहिला, तर त्याची परतफेड मागण्याचे कारणच उरत नाही. आहारातील संयम, तासन् तास एकाग्रता, क्षणार्धात निर्णय आणि पराभवानंतर कारागिरांसमवेत बसून चुकांची निरवानिरव करणे, ही कमाई कोणत्याही पेढीवर उपयोगी पडेल.

मात्र शिक्षणासही मर्यादा असते. गृहस्थास परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले आहे. त्यातील मर्म असे की, मर्यादा मोह जडण्यापूर्वी घालावयाची, नंतर नव्हे. किती रक्कम, किती वर्षे, आणि कोणत्या वर्षापर्यंत कोणती पायरी गाठली नाही तर थांबावयाचे, हे कार्ट विकत घेण्याच्या दिवशीच कागदावर उतरावे, आणि त्यावर मुलाचीही सही असावी. शालेय शिक्षण खंडित होऊ देऊ नये. राहते घर व पेढीचे खेळते भांडवल यांस हात लावू नये.

आणि थांबावे लागले, तरी तो शेवट समजू नये. फॉर्म्युला वन सुटल्यावर कार्तिकेयनने जपानमध्ये अनेक वर्षे व्यावसायिक चालक म्हणून काम केले आणि २०१९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, फुजीच्या धावपट्टीवर विजय मिळविला. शिखरावरील जागा बावीसच राहतील. परंतु वाटेवर नेकीने चालणारास काम मिळत राहते. मुलाने बावीसांत यावे ही आशा बापाने खुशाल बाळगावी. हिशेब मात्र तेविसाव्याचा करून ठेवावा.