चोरीला गेलेल्या गाडीचे किती मिळतात?

गाडी चोरीला गेली की शोरूममध्ये मोजलेले सगळे पैसे विमा कंपनी देते, असा अनेकांचा समज असतो. सर्वसमावेशक पॉलिसीत मिळते ती ‘आयडीव्ही’ (पॉलिसीत नोंदवलेली गाडीची किंमत), तीही सक्तीची छोटी कपात होऊन. विक्री-किमतीतून घसारा (वयानुसार घट) वजा करून ती निघते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, चार वर्षांनंतर ५०. आरटीओचा कर त्यात धरत नाहीत. अपघातानंतर दुरुस्तीखर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तरी हाच आकडा. लग्नात केटररशी पानाचा दर आधी ठरतो, पंगत उठल्यावर नव्हे, तसंच आयडीव्हीचं. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत तर कंपनी आणि गाडीमालक यांच्या संमतीनेच ठरते. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही उतरवणारे एजंटही भेटतात. घासाघीस करायची ती नूतनीकरणाच्या वेळीच करा.